बोलता येईल इतक्याच वेगाने

यंदा थंडी जरा उशिरानेच आली. ठाण्यातली थंडी ती. पहाटे पंखा बंद करावासा वाटतो, गॅलरीच्या फरशीला अनवाणी पाय लागला की पटकन उचलला जातो, एवढंच तिचं कर्तृत्व. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांमध्ये धुकं आणि धूळ एकमेकांत गुरफटून लोंबकळत राहतात, आणि येऊरचा डोंगर ऊन वर येईपर्यंत असून नसल्यासारखा असतो. भाजीच्या गाडीवर मटार येतो, पावट्याच्या शेंगा येतात, मेथीच्या जुड्या ओल्या मातीसकट रचलेल्या असतात. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सातवीण फुललेली असते. तिचा तो उग्र, गोडसर वास पुष्कळांना सोसत नाही. डोकं चढतं म्हणून समोरच्या काकू नाकाला पदर लावूनच रिक्षात बसतात. मी मात्र त्या झाडाखाली उगाच रेंगाळते. मला तो एका हिवाळ्याचा वास वाटतो. त्या हिवाळ्यात मी चालायला शिकले, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि काही आठवड्यांनी माझ्या हृदयाची एक झडप बदलली. लहानपणी मला संधिवाताचा ताप आला होता. गुडघे सुजले, घोटे सुजले, मग सूज उतरली आणि सगळ्यांना वाटलं, दुखणं गेलं. ते गेलं नव्हतं, गुपचूप हृदयात जाऊन बसलं होतं. डाव्या बाजूची झडप वर्षानुवर्षं जाड होत, आखडत गेली. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसचा जिना चढताना मी मधल्या वळणावर थांबून पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करू लागले, तेव्हा नवऱ्याने, श्रीकांतने, मला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. झडप दुरुस्तीपलीकडे गेली होती. तिच्या जागी कृत्रिम झडप बसवली.

ती वाजते. हे मला आधी सांगितलेलं होतं. पण सांगणं वेगळं आणि घरी आल्यावर, दुपारी सगळं शांत झाल्यावर, स्वतःच्या छातीतून टिक् टिक् ऐकू येणं वेगळं. आपल्या भाषेत काळजाचं काय काय होतं! काळजाचा ठोका चुकतो, काळीज तीळतीळ तुटतं, काळजाचं पाणी पाणी होतं, आणि एवढं सगळं होऊनही माणूस संध्याकाळी भाजी निवडत बसलेला असतो. बोलताना किती सहज वापरत होते मी ते शब्द. आता कोणी नुसतं "माझ्या काळजात धस्स झालं" म्हटलं तरी मी त्याच्याकडे घाबरून पाहू लागले.

छातीचं हाड मधोमध कापून तारांनी जोडलेलं. हातांवर जोर देऊन उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. भरलेली बादली तर सोडाच, कुकरही उचलायचा नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यायची, म्हणून पालेभाजीसुद्धा बेताने. एकदम वाढवायची नाही आणि एकदम सोडायचीही नाही. हे सगळं मी निमूट पाळत होते. मला अडवलं ते श्रीकांतने मोठ्या प्रेमाने मनगटावर बांधलेल्या घड्याळाने. ठोके दाखवणारं घड्याळ. पहिले काही आठवडे ठोके जरा जलद राहतील, असं डॉक्टर म्हणाले होते. पण 'जरा' म्हणजे किती? मी पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत जायची आणि आकडा शंभराच्या पुढे पळायचा. मग मी स्टुलावर बसायची आणि तो खाली उतरायची वाट पाहायची. तो उतरला की पुन्हा उठायचं धाडस व्हायचं नाही. असं करता करता मी चालणंच सोडलं. पलंग, खुर्ची, पलंग. जी झडप मी चालावं म्हणून बसवली होती, ती बिघडेल या भीतीने मी बसून राहिले होते.

आम्ही घरात दोघंच, मूलबाळ नाही. श्रीकांतची रजा संपत आली तेव्हा दिवसभराची बाई शोधायची म्हणून त्याने आंबिवलीला अमोलला फोन केला. अमोल माझा भाचा, दादाचा मुलगा. दुसऱ्याच दिवशी सकाळी बेल वाजली. दारात दादा. हातात कापडी पिशवी आणि काखेत स्वतःची उशी.

"मी आलोय," तो म्हणाला. "बाई नको."

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. रंगाच्या कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेला. मुळात अबोल, आणि दोन वर्षांपूर्वी रेखावहिनी गेली तेव्हापासून तर त्याच्या तोंडून शब्द फुटेनासाच झाला होता. अमोल म्हणायचा, "आत्या, बाबा घरात असतात पण नसतात गं." तो आमच्याकडे आला आणि स्वयंपाकघरात शिरला. सकाळी चहा, अकरा वाजता ताक, मग वरणभात. सगळं वेळच्या वेळी माझ्यासमोर यायचं, आणि सोबत एक अक्षर नाही. घरात दोन आवाज होते, कुकरचा आणि माझ्या छातीतला.

मग एक दिवस ती फिजिओथेरपिस्ट आली. पोरगीच होती, केसांचा उंच पोनीटेल, पाठीला सॅक. माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, दिवसातून किती चालता?"

"चालत नाही. ठोके वाढतात."

"चाललं की वाढणारच ना! नाही वाढले तर मला काळजी वाटेल."

"पण किती वाढू द्यायचे?"

तिने माझ्या गोळ्यांचा डबा उघडून पाहिला. "यातली एक गोळी ठोक्यांना लगाम घालते. म्हणून नुसत्या आकड्याच्या मागे लागू नका. सोप्पी खूण सांगते. चालताना बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य, आरामात. वाक्य मध्येच तुटायला लागलं तर वेग जास्त झाला, हळू व्हा. उलट मजेत गाणं म्हणता येत असेल तर थोडं जोरात चाला. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, ठोके वेडेवाकडे वाटले, तर थांबायचं आणि फोन करायचा. बाकी घाबरायचं नाही." मग तिने मागे वळून, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या दादाकडे पाहिलं. "काका, तुम्ही आहात ना घरी? काकूंबरोबर चालायचं आणि त्यांना बोलतं ठेवायचं. हेच तुमचं काम."

दादाने औषधाचा डोस समजून घ्यावा तशी मान हलवली. ती गेल्यावर श्रीकांत हळूच म्हणाला, "तिला कल्पना नाहीये ती कोणाला काय सांगून गेलीय."

आमचं पहिलं चालणं झालं लिफ्टसमोरच्या लांब पॅसेजमध्ये. भिंतीच्या बाजूने मी, पलीकडे दादा.

"बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काही पण."

मला काही सुचेना. त्यालाही सुचेना. सख्खी भावंडं आम्ही, एका ताटात जेवलेली, आणि पॅसेजच्या त्या टोकापर्यंत जाईस्तोवर आमच्याकडे एकमेकांना सांगण्यासारखं एक वाक्य नव्हतं. शेवटी दादा दारांवरच्या पाट्या वाचायला लागला. "कुलकर्णी. नायर. हे जाधव... हे कुठले गं?"

"माहीत नाही."

"एवढी वर्षं भिंतीला भिंत लावून राहता आणि माहीत नाही?"

दुसऱ्या दिवशी त्याने सरळ जाधवांची बेल दाबली. मला लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं. जाधव निघाले चिपळूणचे. त्यांची म्हातारी आई बाहेर आली, तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आमच्या चालण्याला विषय मिळाला. जाधवांची आई, तिच्या पाठीचं दुखणं, चिपळूणचा पूर. त्या दिवशी आम्ही पॅसेजची एक फेरी जास्त मारली आणि ती मारून झाल्यावरच माझ्या ध्यानात आलं.

घड्याळाचा बंदोबस्तही त्यानेच केला. मी चालता चालता सारखी मनगट वर करून पाहायची. त्याने दोन दिवस सोसलं, मग हात पुढे केला. "दे इकडे." आणि ते घड्याळ त्याने स्वतःच्या मनगटाला बांधून टाकलं. त्यानंतर मध्येच तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "माझे वाढलेत हं. तू हळू चाल."

मग आम्ही खाली उतरलो. इमारतींच्या मधोमध, गाड्या लावायच्या मजल्याच्या छतावर केलेली आमची बाग. कृत्रिमच सगळी, पण हिवाळ्याचं ऊन काही कृत्रिम नसतं. साडेनऊच्या सुमाराला ते दोन टॉवरच्या फटीतून तिरपं उतरायचं आणि चालायच्या वाटेवर त्याचा एक पट्टा पडायचा. आम्ही त्या पट्ट्यात आलो की आपोआप सावकाश व्हायचो. अंगावर जुना राखाडी स्वेटर, पायात मोजे, छातीशी आडवा धरलेला हात. बाकावर बसलेले निवृत्त लोक, बाबागाडीतली बाळं, वाळत घातलेल्या गोधड्यांचा उबट वास. आणि शेजारी दादा, बोलत असलेला.

होय, बोलत असलेला. विहिरीचं कुलूपबंद झाकण उघडावं तसं काही झालं नाही. थोडं थोडं झालं. आधी बाजारभाव, मग कारखान्यातले लोक, मग आंबिवली. एकदा मी विचारलं, "दादा, मला इंजेक्शनला न्यायचास ते आठवतं?" त्या तापानंतर मला वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागायचं. दादा मला सायकलवर डबलसीट कल्याणला न्यायचा. येताना सुई टोचलेल्या बाजूवर बसवायचं नाही, म्हणून मी कॅरियरवर कलती होऊन त्याचा शर्ट धरून बसायची.

"आठवतं तर," दादा म्हणाला. "तू रडायची नाहीस. शर्ट पिळायचीस. आई ओरडायची, एवढा चुरगळतो कसा म्हणून."

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर आईला म्हणालेले, हिला पळू देऊ नका. आईने ते काम माझ्यावर सोपवलेलं. मी मैदानात गेलो की तू मागे यायचीस आणि सगळ्यांबरोबर पळायचीस. म्हणून मी खो-खो सोडला."

"मला वाटायचं तुला कंटाळा आला."

"तसंच सांगितलेलं मी."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर पाहत चालला होता. मोठा उपकार सांगितल्याचा भाव त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. बोलायचं ठरलं होतं, म्हणून बोलता बोलता निघालेली गोष्ट होती ती. मला वाटतं, माणसं एकमेकांसमोर बसून जे सांगू शकत नाहीत, ते शेजारी चालताना सांगतात. डोळे समोर असतात, पाय आपले पडत असतात, आणि शब्द मधल्या हवेत सोडून द्यायचे असतात.

फक्त एका नावाला वळसा घालून तो बोलायचा. कारखाना, आई, अमोल, शेजारी, सगळ्यांची नावं यायची. त्यांच्यामधली एक जागा मोकळी राहायची. मीही ती भरायला गेले नाही. एक दिवस खाली फाटकाशी भाजीची गाडी उभी होती. दादाने पावट्याची शेंग उचलून नखाने सोलली, दाणा पाहिला आणि म्हणाला, "रेखाला फार आवडायचे."

दोन वर्षांत पहिल्यांदा. मी काहीतरी म्हणायला गेले आणि वाक्य अर्ध्यात तुटलं.

"थांब, दम लागलाय तुला," तो लगबगीने म्हणाला आणि मला बाकावर बसवलं. मी बसले. दम लागला नव्हता हे मी त्याला सांगितलं नाही.

त्यानंतर रेखावहिनी आमच्याबरोबर चालू लागली. एका सकाळी दादा तिच्या सायकलची गोष्ट सांगत होता. चाळिशीत बाईने ठरवलं, सायकल शिकायची. नदीकडच्या रस्त्यावर दादा मागून कॅरियर धरून पळायचा, ती पुढे ओरडायची, "सोडू नका, सोडू नका!" आणि मग एक दिवस त्याने सोडली. गोष्ट तिथपर्यंत आली आणि पाऊण तास झाला म्हणून आम्ही वर आलो. उरलेली उद्या, असं ठरलं.

त्याच दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होते. संक्रांत तोंडावर आली होती, दादा कढईत तीळ भाजत होता. छातीतली टिक् टिक् इतकी अंगवळणी पडली होती की मला ती ऐकूही यायची नाही. ती एकदम ऐकू आली. कारण तिची चाल मोडली होती. मूठभर वाटाणे पत्र्यावर ओतावेत तशी ती भराभर, वेडीवाकडी वाजत होती, मध्येच थबकत होती, पुन्हा उधळत होती. मी दादाकडे पाहिलं. त्यालाही ऐकू येत होती. त्याने गॅस बंद केला. तीळ कढईत तडतडत राहिले.

हॉस्पिटलात लक्षात आलं ते असं की झडप व्यवस्थित होती; हृदयाची लय बिघडली होती. या ऑपरेशननंतर पुष्कळांना असं होतं, डॉक्टर म्हणाले. शिरेतून औषध चढवलं, पडद्यावरची रेघ रात्रंदिवस पाहत राहिले आणि हळूहळू ती पुन्हा ताळ्यावर आली. दोनतीन दिवसांनी मी घरी होते. चालणं पुन्हा सुरू करा, पहिल्यापासून, सावकाश, असं सांगूनच त्यांनी सोडलं होतं.

मी नाही म्हटलं. श्रीकांतला नाही म्हटलं, त्या पोनीटेलवालीला फोनवर नाही म्हटलं. माझ्या मनाने ठरवून टाकलं होतं की चालण्यानेच ते झालं. डॉक्टरांनी समजावलं, ते डोक्याला पटलं. पण पाय काही डोक्याचं ऐकत नव्हते. पलंग, खुर्ची, पलंग.

दादाने मला एकदाही आग्रह केला नाही. सकाळी चहा झाला की तो एकटाच खाली जायचा. एकदा मी गॅलरीत उभं राहून खाली पाहिलं. इतक्या उंचावरून माणूस जेमतेम बोटाएवढा दिसतो. पण दादाची चाल मला कुठूनही ओळखू आली असती. तो वाटेच्या कडेने चालत होता, उन्हाच्या पट्ट्यात आला की सावकाश होत होता. आणि त्याचा उजवा हात हलत होता, माणूस काही सांगताना हलतो तसा.

तो वर आल्यावर मी विचारलं, "कोणाशी बोलत होतास?"

"तुझ्याशी," तो म्हणाला. "त्या दिवशीची गोष्ट अर्धी राहिलेली."

तो स्वयंपाकघरात गेला, पाणी प्यायला, परत येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. चालताना बोलणारा माणूस त्या दिवशी बसून बोलला.

"वसू, मी तुला बरं करायला आलो वगैरे काही नाही. अमोल आणि सूनबाई कामाला गेले की घरात दिवसभर टीव्ही बोलायचा. मी कोणाशी बोलणार? माझा आवाज मलाच विसरायला झालेला. इथे आलो, तुझ्याबरोबर बोलायची सक्ती झाली, तेव्हा कळलं की अजून येतंय मला. आता तू खाली नाही आलीस तर मी परत गप्प होणार. मला भीती वाटते गं त्याची."

"मला पण भीती वाटते," मी म्हटलं.

"मग दोघं मिळून घाबरू. पण चालता चालता."

मी कुशीवर वळून उठायच्या सवयीने खुर्चीतूनही तिरपी उठले. त्याने स्वेटर आणून दिला. पॅसेजमध्ये जाधवांची आई दारात उभी होती, तिने काही न विचारता चार पावलं आमच्याबरोबर टाकली. त्या दिवशी आम्ही तेवढंच चाललो, पॅसेजच्या टोकापर्यंत आणि परत. पण सायकलची गोष्ट पुरी झाली. दादाने कॅरियर सोडला आणि वहिनी निघाली ती निघालीच. तिला सायकल चालवता येऊ लागली होती, वळवता येत नव्हती! वळता येत नाही म्हणून ती सरळ जात राहिली, जात राहिली, आणि तासाभराने टिटवाळ्याहून एका टेम्पोत सायकल घालून, ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसून परत आली. मी हसले. टाक्यांच्या जागी कळ आली म्हणून उशी आठवली, उशी घरात होती, म्हणून दादाचा दंड छातीशी धरून हसले. तोही हसत होता, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. सुखाचे दिवस सांगायला अवघडच. फेऱ्या वाढत गेल्या. ज्या वेगाला आधी शब्द तुटायचे, त्या वेगात मी अख्खी हकीकत सांगू लागले. दादा एकदा म्हणाला, "आता तुझं बोलणं थांबवायला काय करायचं ते विचारायला पाहिजे त्या मुलीला." रविवारी श्रीकांत आम्हाला उपवनला सोडायचा. तळ्यावर सकाळी पातळ धुकं, पाण्यात डोंगराची अर्धी सावली. आम्ही तळ्याला वळसा घालायचो, आणि परवानगी मिळाल्यावर एकदा येऊरच्या रस्त्याचा चढही घेतला. थोड्याच अंतरावर माझं वाक्य तुटलं. दादा थांबला. मीही थांबले. मागची वर्षं मी चढावर थांबले की काहीतरी शोधल्याचं नाटक करायची. त्या दिवशी मी उघड उघड, रस्त्याच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. आजूबाजूला सागाची पानं वाळून पडत होती. छातीतली टिक् टिक् वेगाने पण एका चालीत वाजत होती, आणि पहिल्यांदाच तिच्याबद्दल मला माया वाटली. बिचारी कामाला लागली होती.

"आता बोल," दादा म्हणाला.

"दादा, मला सपाटून भूक लागलीय," मी म्हटलं. पूर्ण वाक्य. खाली येऊन आम्ही उकडलेल्या शेंगा खाल्ल्या, कागदाचा द्रोण हाताला चटका देत होता.

होळी आली. ऊन एका दिवसात कडक झालं. मी अर्ध्या दिवसासाठी ऑफिसला जाऊ लागले. एका सकाळी दादाने उशीला खोळ घातली, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "निघतो आता." मी राहा म्हटलं नाही. तो बरा होऊन निघाला होता आणि मीही. दोन बरी झालेली माणसं एका घरात कशासाठी राहणार? पण तो गेल्यावर बागेत उतरले तेव्हा कळलं की वाट तीच होती, ऊन तेच होतं, आणि मी उगाचच फार जोरात चालत होते.

पुढच्या हिवाळ्यात तो आठवडाभर आला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात जास्त दिवस ये, असं मी बजावून ठेवलं होतं. त्या वर्षी पाऊस सरता सरता अमोलचा फोन ऑफिसात आला. बाबा दुपारी जेवून पडले होते, उठलेच नाहीत, म्हणाला. दादाच्या हृदयाबद्दल आम्ही कोणी कधी विचारच केला नव्हता. मी आंबिवलीला पोचले. दाराबाहेर खुर्च्यांवर काही अनोळखी म्हातारी माणसं बसली होती. संध्याकाळी नदीकडे त्याच्याबरोबर फिरायला जाणारी. त्यांतले एक गृहस्थ उठून माझ्याजवळ आले.

"तुम्ही वसू ना? तुमच्याबद्दल सांगायचे नेहमी." त्यांनी चष्मा काढला. "आता आमचं फिरणं कसं होणार हो? एवढा बोलका माणूस!"

त्याला आता तीन हिवाळे झाले. मी चालते, रोज. सवय सुटलेली नाही. श्रीकांत कधी येतो, कधी नाही. त्याला चालताना बातम्या ऐकायला लागतात. जाधवांची आई भेटली तर दोन शब्द होतात. बाकी वेळ मी गप्प चालते, आणि ठोके कसे आहेत हे पाहायची मला गरज पडत नाही. कधी एखाद्या सकाळी सातविणीच्या खाली थांबले की वाटतं, काहीतरी सांगायचं राहिलंय. काल काय पाहिलं, काय शिजवलं, कोणाची पोरगी कुठे दिली, असलंच काहीतरी. मोठं काही नसतं. चार पावलांत संपेल एवढंच असतं. पण ते चार पावलं शेजारी चालणाऱ्यालाच सांगायचं असतं, दुसऱ्या कोणाला सांगून भागत नाही.

गेल्या आठवड्यात वर्षाची तपासणी होती. फिरत्या पट्ट्यावर चालवलं, मग पळवलं, छातीवर जेल लावून झडप पाहिली. डॉक्टर तेच, आता केस पिकलेले. कागद चाळून ते प्रसन्न हसले. "उत्तम! झडप छान, लय छान. आता तुम्हाला कसलीच अडचण नाही. गड चढा, डोंगर चढा. सोबतीला कोणी लागायचं नाही. एकट्या कुठेही जाऊ शकता."

"हो," मी म्हटलं.

"आणखी काही विचारायचंय?"

होतं विचारायचं. तो हिवाळा परत हवा असेल तर काय करावं लागतं, हे विचारायचं होतं. त्या तारा, ती कळ, कुकरसुद्धा न उचलण्याची ती सक्ती, सगळं पुन्हा घ्यायला मी तयार होते. पण बाहेर बाकावर बरीच माणसं थांबली होती, पहिल्यांदाच आलेली, घाबरलेली, प्रत्येकाच्या शेजारी कोणी ना कोणी बसलेलं.

"नाही," मी म्हटलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची रिकामी केली.